एकशे ऐंशी ग्रॅम बीटेन

“बाई, हे औषध रडतंय.”

खिडकीतून पुढे सरकवलेल्या बरणीकडे तिने पाहिलं, मग ती धरणाऱ्या लांबसडक बोटांकडे… आणि मग जाड भिंगांच्या चष्म्याआडून हसणाऱ्या डोळ्यांकडे. बाहेर तीन दिवस पावसाची रिपरिप चालू होती. बरणीतल्या पांढऱ्या पावडरीचा चिकट गोळा झाला होता.

“झाकण उघडं राहिलं ना?”

“एक दुपार. जेमतेम.”

“बीटेनला तेवढी पुरते. हवेतलं पाणी ओढून घेतं ते. स्वभावच आहे त्याचा.”

“औषधांनाही स्वभाव असतो?”

“माणसांपेक्षा भरवशाचा,” असं म्हणून तिने नवी बरणी काढली. आपण जास्तच बोललो की काय, असं मग तिला वाटत राहिलं.

रुग्णालयाच्या औषध विभागात ती नुकतीच रुजू झाली होती. प्रत्येक वजन दोनदा करायची, म्हणून आठवड्याभरातच सगळ्यांनी तिचं नाव तराजूबाई ठेवलं. तो बुकबाइंडर. खिळखिळी झालेली पुस्तकं उसवायची आणि पुन्हा शिवायची, हा त्याचा धंदा. जन्मापासूनच त्याच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य साठायचं. त्यापायी डोळ्यांतली भिंगं सरकली होती आणि रक्तात गुठळी होण्याची धास्ती कायमची मागे लागली होती. त्यावर दोनच उपाय होते, खाण्याचं कडक पथ्य आणि रोज सहा ग्रॅम बीटेन. बरणी एकशे ऐंशी ग्रॅमची, म्हणजे बरोबर तीस दिवसांची.

पण तो तीस दिवस थांबायचा नाही.

“आज काय काढलंत?” ती विचारायची.

“एक शंका आहे. हे येतं कुठून?”

“साखरेच्या बीटातून. साखर काढून झाली की मळी उरते, तिच्यात असतं. ग्लायसीन हे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल. त्याच्या नायट्रोजनला तीन मिथिल गट चिकटले की झालं बीटेन. जमीन खारट असली, पाऊस नसला, की बीट ते साठवून ठेवतं. त्याच्या जोरावर पेशींतलं पाणी टिकतं.”

“आणि माझ्या अंगात शिरल्यावर?”

“तिघांतला एक मिथिल तुमच्या होमोसिस्टीनला देऊन टाकतं. त्याचं मग मेथिओनीन होतं. ते शरीराला लागतंच.”

“जवळचं देऊन टाकतं… किती भलं आहे हो!”

“भलंबिलं काही नाही. रसायन आहे ते.”

“फार कोरड्या आहात तुम्ही, तराजूबाई.”

“औषधाच्या खोलीत कोरडंच राहावं लागतं,” ती म्हणाली खरी, पण हसू काही तिला आवरलं नाही.

तिच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाची पानं सुटली होती, ती शिवायला त्याने नेली. एका रविवारी तिच्या बाबांनी त्याला जेवायला बोलावलं. बाबांनी त्याचं पथ्य विचारून घेऊन स्वतः स्वयंपाक केला. पुढच्या रविवारी आणि त्याच्याही पुढच्या रविवारी तो आला. टेबल लहान होतं. तो आणि ती शेजारी बसत, आणि कोपराला कोपर लागलं की दोघंही एकदमच सॉरी म्हणत. बाबा तेवढ्यात मीठ शोधायला उठत.

मग तो यायचा थांबला. एक रविवार गेला, दुसरा गेला. नव्या बरणीची तारीखही उलटली. तिने रोज दिवस मोजले, पण फोन केला नाही. आपण वाट पाहतोय हे त्याला कळायला नको, एवढ्यासाठीच… आणि या गोष्टीबद्दल तिने पुढे स्वतःला कधी पुरती माफी दिली नाही.

नवव्या दिवशी दुपारी तो आला. हातात तिचं शिवलेलं पुस्तक होतं आणि डावा पाय तो ओढत चालत होता.

“काम फार होतं,” तो म्हणाला.

“बरणी?”

“आहे अजून.”

“असणारच नाही. संपून नऊ दिवस झाले तिला.”

ती खिडकी सोडून बाहेर आली, त्याला बाकावर बसवलं आणि न विचारताच त्याच्या विजारीचा काठ वर केला. पोटरी तट्ट सुजली होती, लाल झाली होती. “खुर्ची आणा! चाकांची!” ती ओरडली. तिचा इतका मोठा आवाज तिथे कुणी कधी ऐकला नव्हता.

गुठळीच होती. पण पायातच होती, छातीपर्यंत पोहोचली नव्हती. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली. वाटेत जमवलेली सगळी वाक्यं खाटेपाशी पोहोचेपर्यंत विसरली.

“का बंद केलंत?”

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. “वास येतो त्याचा. अंगाला. मासळीसारखा. दुकानात एकट्याला काय फरक पडतो? पण तुमच्या शेजारी बसायचं म्हणजे… आधी थोडं कमी केलं. मग सोडलंच. आणि सोडल्यावर भीती वाटली, की तुम्ही हिशेब लावाल. म्हणून आलोच नाही.”

ती स्टुलावर बसली. नाही, कधीच नाही आला वास, असं म्हणणं सोपं होतं. पण खोटं वजन सांगायची तिला सवय नव्हती.

“येतो,” ती म्हणाली. “थोडासा. पहिल्या रविवारीच आला होता.”

त्याचे कान लाल झाले. “आणि तरीही…?”

“तरीही पुढच्या रविवारी तुमची खुर्ची मी होती तिथेच ठेवली होती. बाबा म्हणत होते सरकव, मोकळं होईल. मीच नको म्हटलं.”

पलीकडच्या खाटेवरचे आजोबा घोरायचं थांबले होते, बहुधा मुद्दामच.

“पुढच्या महिन्यापासून तुमची बरणी दुसऱ्या खिडकीतून मिळेल,” ती म्हणाली. “तसं सांगून आलेय मी.”

“का? रागावलात?”

“हो. आणि शिवाय… आपल्या माणसाची बरणी भरताना माझं लक्ष तराजूवर राहत नाही. वजन चुकेल.”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सलाइन नसलेला हात हळूच पुढे केला.

“रविवारी मला सोडणार आहेत,” तो म्हणाला. “तू येशील न्यायला?”

म्हटलं आणि चपापला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. “म्हणजे… तुम्ही…” तो सावरू लागला.

तिने त्याचा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “येईन मी. तू दहालाच तयार राहा.”