चार नंबरची खुर्ची

शनिवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला तेव्हा विठ्ठल म्हात्रे बायकोचं कपाट आवरत होते.

"म्हात्रेसाहेब, उत्तरा गोगटे बोलतेय. हॉस्पिटलमधून. मला पोलिसांत जायचं नाहीये, पण पोलीस हवाय."

"मला रिटायर होऊन तीन वर्षं झाली, मॅडम."

"म्हणूनच तुम्हाला फोन केला."

प्रमोदिनीला जाऊन आठ महिने झाले होते. कपाट आवरायला घ्यायलाच इतके दिवस लागले. खालच्या खणात एक कापडी पिशवी सापडली होती. तिच्यात सलाईनचे सहा सेट होते, एकाचंही सील तोडलेलं नव्हतं. प्रत्येक केमोला नीला सिस्टर हातात चिठ्ठी द्यायची आणि म्हात्रे तळमजल्यावरच्या मेडिकलमधून सेट घेऊन यायचे. सहा केमोंचे सहा सेट. म्हणजे एकही वापरला नव्हता.

वॉर्डात देऊन टाकू, कोणाच्या तरी कामाला येतील, म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

बाळकुमहून कोलशेतला रिक्षाने दहा मिनिटं लागतात. आठ महिन्यांत ते त्या रस्त्याला गेले नव्हते. हॉस्पिटलच्या आवारात काही बदललं नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळचा बाक होता तिथेच होता. म्हात्रे त्याच्याकडे न बघता आत गेले.

डॉ. उत्तरा गोगटे कॅन्सरच्या रुग्णांच्या मनावर संशोधन करायच्या. केमो घेणाऱ्यांना होणाऱ्या चिंताविकारावरचा त्यांचा निबंध गेल्या वर्षी परदेशी जर्नलमध्ये छापून आला होता. त्याच्या जोरावर हॉस्पिटलने एक खोली दिली. रुग्णाने यावं, दार लावावं आणि मनातलं बोलावं, एवढ्यासाठी. आता तिथे रोज नंबर लागायचे.

"काय गेलंय?" म्हात्रेंनी विचारलं.

"मूळ प्रश्नावल्या. एकशे चार पेशंट, एकशे चार पाकिटं. काल संध्याकाळी कपाटात होती. आज एकोणीस नाहीत."

"कुलूप?"

"शाबूत आहे. चाव्या तीन. एक माझी, एक माझ्या सहायकाची, देवेशची, एक नर्सच्या ड्रॉवरमध्ये."

"आताच कोणाला हवी झाली?"

उत्तराताईंनी एक कागद पुढे केला. जर्नलला शंका आली होती. निबंधात लिहिलं होतं की प्रश्नावल्या नातेवाइकांसमोर भरल्या. नातेवाईक शेजारी बसलेला असताना निम्म्याहून जास्त पेशंट इतकी भीती कबूल करतात, असं कुठेच आढळत नाही. आकडे बनवलेले तर नाहीत?

"मंगळवारी चौकशी समिती बसणार. जे पेशंट आहेत त्यांना विचारतील. जे गेले, त्यांच्या घरच्यांना बोलवून कागद दाखवतील आणि आमच्यासमोर भरला म्हणून सही घेतील. काल दुपारी मी वॉर्डात हे सगळ्यांना सांगितलं. पाकिटं नसली तर निबंध मागे घ्यावा लागेल. आणि ती खोली बंद."

"नातेवाइकांसमोर भरल्या, हे तुम्ही स्वतः बघितलेलं?"

"नाही. कागद नीला सिस्टर भरून घ्यायच्या, देवेश कॉम्प्युटरवर चढवायचा. पण केमो चालू असताना एक माणूस शेजारी हवा, हा वॉर्डाचा नियमच आहे."

"गेलेली एकोणीस कोणाची?"

"एकोणीसही पेशंट आता हयात नाहीत. नंबर त्रेसष्ट... प्रमोदिनीताईंचं."

म्हात्रेंनी वहीत त्रेसष्ट लिहिलं.

प्रमोदिनीला भीती वाटते का, हे त्यांनी तिला शंभर वेळा विचारलं असेल. शंभर वेळा ती म्हणाली होती, "छे हो, मला कसली भीती?" त्या पाकिटात वेगळं काही असेल तर ते त्यांना हवं होतं. चोर सापडला नाही तरी चालेल, पाकीट सापडायला हवं.

वॉर्डात चार नंबरच्या खुर्चीत दुसरीच कोणी बाई बसली होती. खिडकीजवळची खुर्ची. प्रमोदिनी तिच्यासाठी हट्ट करायची, "तिथे वारा येतो हो." म्हात्रेंनी आज पहिल्यांदा खिडकी नीट पाहिली. काच चारही बाजूंनी पक्की बसवलेली होती. ती उघडायची सोयच नव्हती.

"सिस्टर, काल कपाट कोणी उघडलं?"

"मला काय माहीत, साहेब?" नीला सिस्टर सुई लावता लावता म्हणाली. "मी सहाला निघते. कल्याण गाठायचं असतं."

"चावी?"

"ड्रॉवरमध्ये. कोणीपण घेईल."

"हे सेट ठेवा. सहाच्या सहा तसेच आहेत. एकही वापरला नाहीत तुम्ही."

तिने पिशवीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "जास्तीचे मागवून ठेवतो आम्ही. ठेवा तिथे."

तिच्यामागे काचेचं कपाट होतं. त्यात तसलेच सेट वरपासून खालपर्यंत रचलेले होते.

दुपारी म्हात्रे डोंबिवलीला देवेशच्या घरी गेले. त्याच्या अंगावर टीशर्ट, हातात लॅपटॉप.

"काका, मी कशाला उचलू? निबंधावर माझं नाव आहे. तो बुडाला तर मीपण बुडालो."

"चुका लपवायला?"

"मग सगळीच नसती का उचलली? एकोणीसच कशाला? आणि कोण गेलं, कोण आहे, मला काय माहीत? माझ्याकडे नुसते नंबर येतात. त्रेसष्ट म्हणजे माझ्यासाठी एक ओळ आहे."

"त्रेसष्ट माझी बायको."

देवेश लॅपटॉप त्यांच्याकडे वळवत म्हणाला, "सॉरी, काका. काय पाहिजे ते बघा."

"पेशंटची वाक्यं आहेत यात?"

"नाही. ती फक्त कागदावर. इथे मार्क आणि वेळ. कधी सुरू केलं, कधी संपवलं."

त्रेसष्ट नंबरसमोर सहा वेळा होत्या, प्रत्येक केमोची एक. म्हात्रेंनी सगळ्या उतरवून घेतल्या.

घरी प्रमोदिनीच्या आजारपणाची फाइल होती. पोलिसातली सवय, एक कागद टाकला नव्हता. मेडिकलच्या पावत्यांवर वेळ छापलेली असते. त्यांनी एकेक पावती वहीशेजारी ठेवली. तिसरी केमो, कागद सुरू अकरा पस्तीसला, सेटची पावती अकरा बेचाळीसची. चौथी तशीच. पाचवीही. सहाही पावत्या तशाच निघाल्या. मग ते चहा करायला उठले आणि सवयीने दोन कप ठेवले.

सोमवारी सकाळी उत्तराताईंच्या खोलीत तिघांना बसवून म्हात्रेंनी वही उघडली.

"चोराने फक्त गेलेल्यांची पाकिटं नेली. म्हणजे कोण गेलं ते त्याला माहीत होतं. पाकिटावर नाव नसतं, नंबर असतो. देवेशला नंबर माहीत, माणसं नाहीत. मॅडमना सगळं माहीत, पण नुकसान त्यांचंच. नंबर, माणूस आणि मरण, तिन्ही माहीत असणारं आणखी एकच आहे. जिने प्रत्येकाच्या केसपेपरवर नंबर घातला आणि शेवटी केसपेपर बंद केला."

नीला सिस्टर जमिनीकडे बघत होती.

"का नेली? समिती कागद घरच्यांना दाखवणार होती म्हणून. आणि घरच्यांना तो दिसू नये असं का? तर तो त्यांच्यासमोर भरलेलाच नव्हता. माझ्या सहाही पावत्या कागद चालू असतानाच्या आहेत. कपाटात सेटांचा ढीग असताना सिस्टर आम्हाला सेट आणायला खाली पाठवायच्या. आम्ही उतरलो की कागद काढायच्या."

"अहो, म्हणून आकडे इतके जास्त!" उत्तराताई उठून उभ्या राहिल्या. "नीला, मला बोलली का नाहीस? निबंधात मी धडधडीत चुकीचं लिहिलं."

"निबंधात काय लिहिलंय ते मला कुठे कळतंय, मॅडम? इंग्लिशमध्ये होता." नीला सिस्टर म्हणाली. "नवरा शेजारी असला की बाई सगळ्यावर 'नाही' लिहायची. मुलगा असला की बाप लिहायचा. कधी घरचेच पेन ओढून घ्यायचे, आण मी भरतो, तिला काही नाही होत. मी म्हटलं असल्या कागदाचं करायचं काय? म्हणून खाली पाठवायला लागले. सील असलेली वस्तू पेशंटची, म्हणून सेट त्यांच्याच पिशवीत परत टाकायचे. आणि मी प्रत्येकाला शब्द दिलेला, घरच्यांना दाखवणार नाही. जे आहेत ते स्वतः बोलतील. जे गेले त्यांच्या वतीने कोण बोलणार?"

"पाकिटं कुठे आहेत?"

तिने पायाजवळची डब्याची पिशवी वर घेतली. "घरी नेलेली. फाडणार होते. हातच होईना."

एकोणीस पाकिटं टेबलावर आली. उत्तराताईंनी मोजली आणि म्हणाल्या, "कागद कोणाच्या घरच्यांना दाखवला जाणार नाही, ते मी समितीशी भांडून घेईन. चूक माझी आहे, तसं जर्नलला कळवते. घरच्यांकडून एकच सही घ्यायची, तुम्ही हजर होतात की नव्हतात. ते 'नव्हतो' म्हणाले तर आकडे खरे ठरतात. खोली वाचेल."

मग त्यांनी म्हात्रेंच्या वहीत डोकावून पाहिलं. "एक कळलं नाही. सेट आणायला दहा मिनिटं लागतात. बाकी सगळ्यांचे कागद घाईत अर्धवट राहिलेत. त्रेसष्ट नंबरला प्रत्येक वेळी अर्धा तास मिळालाय. पावती अकरा बेचाळीसची, कागद संपला बारा सातला. तोवर तुम्ही कुठे होतात?"

आयुष्यभर हा प्रश्न म्हात्रेंनी दुसऱ्यांना विचारला होता.

"खाली," ते म्हणाले. "टाकीजवळच्या बाकावर. सेट मांडीवर घेऊन रडायचो. वर आलो की ती विचारायची, रांग होती का हो? मी म्हणायचो, होती ना, केवढी तरी. रांग कधीच नव्हती."

नीला सिस्टर उठली. टेबलावरचं एक पाकीट तिने एप्रनच्या खिशात घातलं. "साहेब, जरा या माझ्याबरोबर."

चार नंबरची खुर्ची रिकामी होती. अजून पेशंट यायचे होते. "बसा," ती म्हणाली.

म्हात्रे बसले. बंद काचेतून सरळ खाली पाण्याची टाकी दिसत होती. टाकीशेजारी बाक. बाकावर कोणीतरी विसरलेलं वर्तमानपत्र होतं, त्याची घडीसुद्धा दिसत होती.

"पहिल्याच केमोला त्यांनी तुम्हाला बघितलं," नीला सिस्टर म्हणाली. "तेव्हापासून ही खुर्ची सोडली नाही. मला म्हणायच्या, सिस्टर, ह्यांना दर वेळी खाली पाठवत जा. वर असले की त्यांना हसत बसावं लागतं."

म्हात्रेंनी काचेला हात लावला. काच गार होती.

तिने त्रेसष्ट नंबरचं पाकीट एप्रनच्या खिशातून काढून त्यांच्यापुढे धरलं. "शब्द मी दिलेला. पण तुम्ही मागितलंत तर मी नाही म्हणणार नाही."

पाकीट जाड होतं. म्हात्रेंनी ते हातात घेतलं. वरच्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता, तिच्या बोटाचा असावा. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला. थोड्या वेळाने पाकीट तसंच परत दिलं.

"तिने तुम्हाला सांगितलंय," ते म्हणाले. "मला सांगायचं असतं तर सांगितलं असतं."

उत्तराताईंच्या टेबलावर सहीचा कागद तयार होता. छापलेला प्रश्न एकच होता. रुग्णाने उत्तरे दिली तेव्हा आपण हजर होतात का?

विठ्ठल म्हात्रेंनी पेन काढलं. जबाब पूर्ण हवा, ही जुनी सवय. त्यांनी लिहिलं,

"नाही. मी खाली बाकावर होतो. तिला दिसत होतो."

आणि खाली सही केली.