घाटावर कोण बोललं?

केतकीचे हात गवार मोडत होते आणि केतकी औषधशास्त्राचा धडा वाचत होती. कानामागे सवयपट्टी लावली की हे जमायचं. रोजची कामं आपण सवयीनेच करतो. पट्टी शरीर त्या सवयीच्या ताब्यात द्यायची आणि मन अभ्यासाला मोकळं करायची. धडा मनातच दिसे. तेवढा वेळ बाहेरचं काही ऐकू येत नसे, नंतर आठवतही नसे. पट्टी देताना कॉलेजने एवढंच सांगितलं होतं, की सवय फक्त जुनंच करते. नवीन काही तिला सुचत नाही.

धडा संपला, पट्टी थांबली. गवार मोडून झाली होती.

"आज फार बोललीस," समोर बसलेले तिचे वडील, विलासराव म्हणाले. "'गोळी घेतली का', 'मीठ कमी खा'. अगदी शैलासारखी कटकट."

आईचं नाव निघालं तशी केतकी उठली. तिला कॉलेजसाठी सत्राचं शेवटचं टिपण लिहायचं होतं. प्रश्न होता, घर आणि अभ्यास यांचा मेळ कसा घातलात? तिने लिहिलं, 'आई आजारी असूनही माझा एकही विषय मागे राहिला नाही. दवाखान्यात तिच्याजवळ बसून अभ्यास झाला. दहाव्याच्या दिवशी घाटावरसुद्धा.'

तिथे तिचा हात थांबला.

"पप्पा, दहाव्याला काय झालं होतं?"

"म्हणजे? तू होतीस की तिथं."

"सांगा ना."

"पिंडाला कावळा शिवेना. मी म्हटलं, पोरीला शिकवीन. वहिनींनी भजी ठेवली, शैलाला आवडायची म्हणून. एक कावळा हलला नाही. मग तू पुढं झालीस, वाकून काहीतरी पुटपुटलीस, आणि लगेच शिवला."

"काय पुटपुटले?"

"विचारलं मी. म्हणालीस, आमच्या दोघींतलं आहे."

केतकीने त्याआधी कुणाचं दहावं पाहिलंही नव्हतं. पिंडाशी काय बोलायचं, याची सवय कुठून येणार?

तिने वडिलांना पट्टीचं सगळं सांगितलं. त्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं.

"दवाखान्यात शैलाचा हात धरून बसायचीस, तेव्हाही?"

"परीक्षा होती, पप्पा."

त्यांनी गवारीचं ताट बाजूला सरकवलं. त्यांनी रागवायला हवं होतं, असं तिला वाटलं.

"मी पट्टी लावते," ती म्हणाली. "माझ्या जागी जी बोलते, तिला तुम्ही विचारा, आईला काय सांगितलं ते. आईच्या मनात काय अडकलं होतं, हे तिलाच ठाऊक आहे."

"नको गं. भीती वाटते."

"मलाही वाटते."

तिने पट्टी लावली. धडा सुरू झाला आणि मध्येच विझला. असं कधी झालं नव्हतं. मग नुसता काळोख. तिने हाक मारायचा प्रयत्न केला, पण हाक मारायला तोंडच नव्हतं.

भान आलं तेव्हा समोर चहाचे दोन कप होते. एक अर्धा प्यालेला. तिच्या जिभेवर आल्याची चव होती. विलासराव दाराशी उभे होते.

"बोलली ती?"

"बोलली. शैलाला एकच घोर होता म्हणे, मी एकटा पडेन. हिनं तिला शब्द दिला, पप्पांजवळ मी कायम राहीन."

"मग यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"मी विचारलं, 'मी' म्हणजे कोण, तू की केतकी? तर हसली."

केतकीने पट्टी काढायला कानामागे हात नेला. तिथे काही नव्हतं.

विलासरावांनी मूठ उघडली. पट्टी त्यांच्या हातात होती.

"ती हसली तेव्हाच मी ओढून काढली," ते म्हणाले. "तरी ती बोलत राहिली. आल्याचा चहा केला, माझ्यासोबत प्याली. तुझ्या आईच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या, दवाखान्यातल्या. मला बरं वाटलं, पोरी, खोटं कशाला सांगू? मग म्हणाली, आता केतकीला पाठवते."

त्यांनी मूठ पुन्हा घट्ट मिटली.

"पुढच्या वेळी तिनं तुला पाठवलंच नाही, तर मी कुणाकडं मागू?"