पवनचक्कीखालचा सेल

"खाली उतरू नका... आधी सांगा, वारा दिसतो का?"

मी शिडीवर, हातात स्क्रू, डोक्यावर वर्गातला जळका पंखा. खाली विज्ञानाचे मास्तर, केसांत खडूची भुकटी, कागदाचं भिरभिरं माझ्याकडे उंच धरून उभे.

"वारा नाही दिसत. जेवायला झालेला उशीर दिसतो," मी म्हणाले.

ते हसले. असे हसले की माझ्या हातातला स्क्रू निसटला आणि थेट त्यांच्या खिशात पडला.

मी नववीत शाळा सोडली. बापाच्या दुकानात पंख्या-पंपांच्या मोटारी भरायला शिकले – जळकी तार काढायची, नवी तांब्याची गुंडाळायची. शिकलेल्या माणसांचा मला राग येतो. वाऱ्यापासून वीज होते हे त्यांना तोंडपाठ. फ्यूज कुठंय विचारा, आभाळाकडे बघतात. पण या माणसाचं बोलणं मात्र मी घरी नेऊन उशाशी ठेवायला लागले होते...

"पंखा अजून घरघरतोय," असं सांगून मी परत परत जात राहिले.

"एका पंख्याला चार खेपा?" आई म्हणाली. "आणि दुरुस्तीला वेणी घालून कधीपासून जातेस गं?"

चौथ्या खेपेला मधली सुट्टी होती. खिडकीत मुलांनी केलेली पवनचक्की – पुठ्ठ्याची पाती, खेळण्यातली मोटर, इवलासा दिवा. दुसऱ्या दिवशी पालक बघायला येणार होते. पाती पेंगत फिरत होती... आणि दिवा मात्र लख्ख!

मोटारीशी माझी लहानपणापासूनची ओळख. मी पवनचक्कीखालची फळी उचलली. खाली चिकटपट्टीनं लपवलेला सेल.

"हे काय, मास्तर?"

त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. "महिनाभर राबलीत पोरं. पेटलाच नसता तर..."

"तर का नाही पेटला, ते शोधलं असतं! तुम्ही पोरांनाच फसवताय. ही चोरी आहे."

"हळू बोला ना..."

"हळू मला येत नाही." पण आवाज माझाच फुटला. "उद्या सगळ्यांसमोर हा सेल तुमच्या हातानं निघाला तर ठीक. नाहीतर या वर्गात मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळी उचलली, सेल काढला. दिवा विझला.

"हा वाऱ्यानं पेटत नव्हता. मी तुम्हाला फसवलं."

"वा, मास्तर!" एका बापानं मागून टोमणा मारला.

पुढच्या बाकावरची चिमुरडी रडवेली झाली. "म्हणजे आम्ही नापास?"

"तुम्ही नाही गं. मी." मग त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. "चोरी ज्यांनी पकडली, त्याच आता शिकवतील."

मी? फळ्यापाशी? मी दारातून आत गेले.

"शिवणयंत्राचं मोठं चाक एकदा फिरतं," मी कसंबसं म्हणाले, "तेव्हा छोटं किती वेळा?"

"खूप वेळा!"

"मग आपल्या मोटरला तसंच पळवू."

पोरांनी पाती दुप्पट मोठी कापली, पात्यांच्या दांडीवर डब्याचं झाकण मोठं चाक झालं, त्यावरून मोटरच्या चिमुकल्या चाकाला रबर लावलं. खिडकी सताड उघडली. सगळा वर्ग श्वास धरून... पडदा फुगला. दिवा जागा झाला. काजव्याएवढा, थरथरता. पण खरा!

सगळे गेले. तिरप्या उन्हात खडूची धूळ तरंगत राहिली. मास्तरांनी तो सेल माझ्या तळहातावर ठेवला.

"तुमच्याकडे असू द्या. पुन्हा खोटं बोललो तर दाखवा."

"किती दिवस सांभाळू?"

"मी... जन्मभराचं विचारणार होतो."

"मग सरळ विचारा की! चार खेपा घालायला लावल्यात."

त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले... आणि वर पाहिलं. खरा वारा हवा म्हणून पंखा बंदच ठेवला होता. खरं तर दुसऱ्याच खेपेला तो ठणठणीत झाला होता. माझाही एक सेल लपलेला होता तर – त्यांना खरं सांगून तोही मी तिथंच काढून दाखवला.