शिडी काढलेली दुपार

हे खरं आहे. आई शप्पथ खरं आहे. ज्यांना 'काहीही हं' म्हणायचंय, त्यांनी मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता सिमेंटच्या पत्र्याखाली अर्धा तास बसून दाखवावं. मग खुशाल कमेंट करावी.

मी दर्शना. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर आमची खोली. खाली खोली, वर पोटमाळा. तारीख २३ मे २०२३, मंगळवार. रात्र नाही, अमावस्या नाही. टळटळीत दुपार.

आणि एक आधीच सांगून टाकते. मला जे वर होतं त्याचा राग नाही. ज्याचा राग आहे तो माणूस अजून जिवंत आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये मी नवऱ्याचं घर सोडलं. सोबत नऊ वर्षांची दिशा. सगळ्या नातेवाइकांनी तोंड फिरवलं. एकटे माझे वडील, अण्णा, म्हणाले, "माझा घर हा. तुका कोण काढता ता बघतंय." त्या एका वाक्यावर मी आयुष्य ओवाळून टाकलं असतं.

अण्णांनी आम्हाला पोटमाळा दिला.

वर जायला लोखंडी शिडी. वर फळ्यांचं झाकण. उभं राहिलं तर डोक्याला पत्रा लागतो. खिडकी नाही. दिवसा भट्टी, आणि रात्री आमच्याच श्वासाची वाफ पत्र्याला धरून थेंब थेंब अंथरुणावर. गादी कायम ओलसर. कोपऱ्यात काळी बुरशी.

दिशाला दमा आहे. एप्रिलपर्यंत तिचा पंप दिवसातून चारदा लागायला लागला. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "औषधं किती वाढवू? आधी त्या माळ्यावर हवा खेळती करा. नाहीतर ही पोरगी एक दिवस तिथेच गुदमरेल."

म्हणून मी फिलिपला बोलावलं. फिलिप मरोळचा, फॅब्रिकेशनचं काम करतो. त्याने पत्र्यावर तो गरगर फिरणारा गोल पंखा बसवायचं ठरवलं. वीज लागत नाही, वाऱ्यावर फिरतो, गरम हवा वर ओढून घेतो.

"पण ताई, वरून हवा काढली तर खालून आत यायला वाट नको? एक जाळी लागेल," असं म्हणत त्याने मागच्या भिंतीवरच्या प्लायवर टकटक केलं.

आवाज पोकळ आला.

प्लाय सरकवला तर मागे... खिडकी. जुनी लाकडी झडपं. झडपं उघडली तर समोर विटा. कोणीतरी बाहेरून चिणून टाकलेल्या.

"अरे, ही तर तयार खिडकी आहे! विटा काढू, काम झकास होईल."

तेवढ्यात खालून अण्णा ओरडले. "भिंतीक हात लावूचो नाय! सांगान ठेवतंय!"

अण्णांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले. त्यांच्या घरात राहते ना. फिलिप फक्त पंखा बसवून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "अर्धंच काम झालंय हां ताई."

पुढच्या रविवारी दुपारी मी वर कपडे घडी करत होते. दिशा खाली होती. बाहेर वारा सुटला होता, पंख्याची घरघर चालू होती.

अचानक घरघर थांबली.

वारा चालूच होता. बाहेरच्या दोरीवरचे कपडे फडफडताना ऐकू येत होते. फक्त आमचा पंखा थांबला.

आणि त्या शांततेत... कोणीतरी खोकलं.

मोकळं नाही. तोंडात कापड दाबून खोकावं तसं. घुसमटलेलं.

खिडकीच्या बाजूने.

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. खोकला टपकन थांबला. तो लांब गेला... आणि खोकला परत सुरू झाला.

जे कोण होतं, ते लपत होतं.

मी खाली उतरून अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास हातातच राहिला. मग म्हणाले, "उंदीर असतीत."

उंदीर खोकतात होय?

तेव्हा मला बाळाकाका आठवला. अण्णांचा धाकटा भाऊ. मी अकरा वर्षांची असताना तो याच पोटमाळ्यावर राहायचा. शिडीवरून पडेन म्हणून मला वर चढू देत नसत. खिशात कायम माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या. त्यालाही दमा होता. एका मे महिन्यात मी मामाकडे मालवणला गेले होते. परत आले तर काका नव्हता. "दम्यान गेलो," एवढंच अण्णा म्हणाले होते. मी आठ दिवस रडले. पुढे तो विषय घरात कोणी काढला नाही.

मी अण्णांकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते.

मग आला तो मंगळवार.

मी ज्या दवाखान्यात काम करते, तिथली लाइट गेली आणि डॉक्टरांनी लवकर सोडलं. बाराला मी घरी पोहोचले. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर कागदांची फाइल. शेजारच्या खोलीत दोन माणसं टेप लावून मापं घेत होती. नव्या इमारतीसाठी सर्वे चालू होता. मला अण्णांनी त्याची अक्षरानेही कल्पना दिली नव्हती.

"दिशा कुठेय?"

"बाजूक खेळता."

मी पाणी प्यायला आत गेले.

शिडी नव्हती.

वरचं झाकण बंद. मी वर बघत राहिले, आणि...

खोकला. कापडात दाबलेला.

मग त्याच्या पाठोपाठ... दुसरा. बारीक.

दोघं खोकत होते. एक मोठं माणूस. आणि एक लहान पोर.

इतक्यात सर्वेवाले आमच्या दारात आले. "किती माणसं राहतात?" त्यांचा आवाज येताच वरचे दोन्ही खोकले एकदम बंद झाले.

"एकटोच मी," अण्णा म्हणाले. "वर सामान असता."

मी किंचाळले. कशी किंचाळले ते गल्लीला विचारा. खाटेखाली वाकले, शिडी तिथेच सारलेली होती. सर्वेवाल्यांपैकी एकाने ती लावायला हात दिला. अण्णा माझा पदर ओढत होते. "गप रव, पाच मिनटां गप रव गो!"

मी झाकण ढकललं. तोंडावर आगीचा लोट येणार म्हणून डोळे मिटले होते.

तोंडावर आला तो वारा. गार.

खिडकी उघडी होती.

सगळ्या विटा आतल्या बाजूला, भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या. बाहेरून सिमेंटने पक्क्या बसवलेल्या विटा. डोक्यावर पंखा नुसता सुसाट. आणि खिडकीपाशी दिशा, घामाने निथळत, पण श्वास घेत होती. तिच्या मुठीत अण्णांचा पंचा.

सर्वेवाला म्हणाला, "ताई, अजून कोण होतं वर? दोघांचा आवाज येत होता."

मी दिशाला उराशी धरून खाली आले आणि अण्णांसमोर उभी राहिले.

"बोला."

आधी म्हणाले, वर वेगळं बिऱ्हाड दिसलं तर वाटणी होईल, नवा फ्लॅट जयवंतचा आहे. जयवंत माझा भाऊ. "तुझा चेडू बोलान गेला असता, आम्ही वर रवतो म्हणान. धा मिनटांचा काम होता."

"आणि बाळाकाका?"

अण्णा भिंतीकडे बघत बोलले.

"तेवाही सर्वेच होतो. बाळाक सांगितलंय, दोन दिवस खिडकी बंद करतंय, मागसून तुझा नाव लावतंय. शिडी काढलंय. दोन तासांचा काम होता गो. त्यांका येवक उशीर झालो."

तेवीस वर्षं. तेवीस वर्षं या माणसाने काकाच्या फोटोला हार घातला. सख्ख्या भावाचा केसाने गळा कापला, आणि त्याच जागी माझी दमेकरी पोर झोपवली. आणि मी? मी यांना देव मानत होते. मला नवऱ्याने फसवलं तेव्हाही एवढं दुखलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. आता मुलुंडला भाड्याने राहतो. तिसरा मजला, तीन खिडक्या, तिन्ही कायम उघड्या. दिशाचा पंप आठवड्यातून एकदा लागला तर लागतो. विटा कोणी काढल्या, कशा काढल्या, मला माहीत नाही. फिलिपला विचारलं तर तो नुसतीच छातीवर क्रूसाची खूण करतो.

पण परवा कुरियरवाल्याने बेल वाजवली. दिशाला खोकला येत होता. बेल ऐकल्याबरोबर तिने माझी ओढणी ओढली आणि तोंडात कोंबली. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, पण आवाज नाही.

ओढणी काढली, तिला जवळ घेतलं आणि भीत भीत विचारलं, "हे तुला... त्या वरच्या काकांनी शिकवलं का गं?"

"नाही गं मम्मी, आजोबांनी. त्यांनीच पंचा दिला, म्हणाले तोंडात घालून ठेव."

मग हळूच म्हणाली,

"ते काका तर सारखे सांगत होते, मोठ्याने खोक बाळा, मोठ्याने खोक. मीच घाबरून गप राहत होते."