त्रेसष्ट वेळा बंद पडलेला कॉम्प्युटर

टेबलावर सात वस्तू होत्या. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, प्रिंटर, यूपीएस, टेबललॅम्प आणि सीपीयूची उभी पेटी. पेटीच्या दर्शनी भागावर कुंकवाचे स्वस्तिक होते आणि वर झेंडूची दोन वाळलेली फुले. मागच्या कडेला स्क्रूंच्या चार जागा होत्या, स्क्रू तीनच. झाकणाच्या सांध्यावर चिकटवलेले कागदी सील मधोमध फाटले होते.

सावनी बेहेरेने हे सगळे वहीत उतरवले आणि मगच ती खुर्चीत टेकली.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन रत्नागिरीत खासगी तपासाचे ऑफिस उघडणारी ती पहिलीच मुलगी. तिच्याकडे येणारी कामे बहुतेक विम्याची आणि सोयरिकीच्या चौकशीची. सोबतीला काशीराम पावसकर होते, निवृत्त हवालदार. माणसे त्यांना कळत, यंत्रे कळत नसत.

त्या सकाळी, बारा नोव्हेंबर २००२ रोजी, मालिनी फडके एक पत्र आणि एक वही घेऊन ऑफिसात आली होती. शहराबाहेरच्या एका खासगी माती तपासणी केंद्रात ती दोन वर्षे कॉम्प्युटरवर बागायतदारांचे अहवाल तयार करत होती. पत्र केंद्राचे व्यवस्थापक चारुदत्त ठाकूरदेसाई यांचे होते. तुमच्या निष्काळजीपणामुळे यंत्र वारंवार बंद पडते, शनिवारपर्यंत राजीनामा द्या, अन्यथा अनुभवाचा दाखला मिळणार नाही, असा मजकूर होता. चिपळूणच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. तिथे तो दाखला सोमवारी दाखवायचा होता.

"पत्रात निष्काळजीपणा लिहिलाय," मालिनी म्हणाली. "तोंडानं बोलतात ते वेगळंच आहे."

खंडेनवमीला केंद्रात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी अडचण असेल त्या बाईने यायचे नाही, असा तिथला रिवाज. मालिनी आली नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. बुधवारी, सोळा ऑक्टोबरला, ती कामावर आली आणि पाऊण तासाच्या आत कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. तेव्हापासून रोज पडतो. मालिनीचे चार दिवस पुरते झाले नव्हते, यंत्राला विटाळ झाला, असे केंद्रभर झाले.

"पहिल्याच दिवशी महिपत शिपायानं सगळ्यांसमोर विचारलं, बाय, चवथा दिवस तरी धरलास काय म्हणून. साहेब तिथंच उभे होते. गप्प राहिले."

काशीरामांनी मान खाली घातली. सावनीने वही मागितली.

वही नेटकी होती. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ. एकोणीस कामाचे दिवस, त्रेसष्ट नोंदी. सकाळी यंत्र पस्तीस ते चाळीस मिनिटे चाले. लगेच पुन्हा सुरू केले तर सहा-सात मिनिटांत बंद. जेवणाच्या सुट्टीत तासभर विश्रांती मिळाली की पुन्हा अर्धा तास. दिवाळीनंतर हवा जरा गार झाली, तर सकाळचा आकडा पंचेचाळीसवर गेला होता.

"ही वही साहेबांनी पाहिली?"

"उघडलीसुद्धा नाही."

आता ते तिघे केंद्रात आले होते. सावनीने कॉम्प्युटर सुरू केला आणि यूपीएसच्याच सॉकेटवर असलेला टेबललॅम्पही लावला.

"किती शांत चालतोय," काशीराम कौतुकाने म्हणाले. "मुंबईला थोरल्याकडे आहे तो, भुंगा कोंडल्यासारखा गुणगुणत असतो."

"आमचाही गुणगुणायचा," मालिनी म्हणाली. "हल्ली नुसती घरघर येते. त्या आवाजाची इतकी सवय होती की खोली रिकामी वाटते."

सावनीने एकदा तिच्याकडे पाहिले. छत्तिसाव्या मिनिटाला मॉनिटर काळा झाला. लॅम्प जळतच राहिला.

"वीज नाही," सावनी म्हणाली. लगेच यंत्र पुन्हा चालू करून तिने एक कळ दाबून धरली. निळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या रांगा आल्या. त्यातले दोन आकडे तिने वहीत लिहिले : ८४ आणि ०.

"कसले गं?" काशीरामांनी विचारले.

"चौऱ्याऐंशी हा परिणाम आहे, काका. शून्य हे कारण."

काशीरामांना काही कळले नाही, पण त्यांचा संशयित ठरलेला होता. अपूर्व. कॉम्प्युटर विकणारा आणि दुरुस्त करणारा तोच. जुना बिघडला की नवा खपतो. बोलावल्यावर तो मोटरसायकलवरून लगोलग आला. व्हायरस असावा असे वाटून ऑक्टोबरच्या अठरा तारखेला सगळे पुसून नव्याने भरायला घेतले, पण भरतानाच यंत्र बंद पडले, असे त्याने सांगितले.

"पेटी उघडून पाहिलीस?"

"नाही मॅडम. तेव्हा वॉरंटी होती. उघडली तर कंपनी मानत नाही, म्हणून तर मी सील लावतो."

"सील फाटलंय."

अपूर्वने वाकून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "अठराला माझं लक्ष नाही गेलं. पण मी उघडलं नाही, आईशप्पत."

काशीरामांनी सावनीच्या कानाशी सांगितले की शपथ घेणारा माणूस निम्मा गुन्हेगार असतो.

महिपत मागच्या पडवीत मातीचे नमुने चाळत बसला होता. खंडेनवमीची तयारी त्याचीच. सगळे साहित्य तबकात मांडले, असे तो अभिमानाने सांगू लागला. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू, आणि पूजेला प्रयोगशाळेतली हत्यारे : चिमटे, पाने, पेचकस. पुढे पूजा साहेबांनी एकट्यांनीच केली, दार लोटून. हा बाहेर नारळ फोडत होता.

"पाणी शिंपडलं?"

"न्हाय. विजेच्या वस्तूवर पानी नको, येवढा सायबांना कळतो."

"मालिनी नसताना यंत्र कधी चालवलं कुणी?"

महिपत घुटमळला. काशीराम त्याच्या शेजारी उकिडवे बसले, तंबाखूची चंची पुढे केली आणि घरचे विचारू लागले. दोन मुलींचा बाप होता तो. धाकटीला कॉम्प्युटर शिकायचा होता. चंची परत करताना तो आपणहून बोलला.

"शेनवारी, नऊ तारखेला, बायला घरी बसवलानी. सायबांनी स्वता चालू केलानी. तरी पन पडला बंद. दोनदा. मला बोलले, कुठं बोलू नको."

चारुदत्त ठाकूरदेसाई आपल्या खोलीत होते. आवाज मृदू, बोलणे स्वच्छ. मालिनीविषयी त्यांचे वैयक्तिक काही नव्हते. पण संस्थेला काही शिस्त असते, आणि काही गोष्टी शास्त्रात सापडत नाहीत म्हणून खोट्या ठरत नाहीत. दसऱ्यापूर्वी यंत्र उत्तम चालत होते, हे तर खरे ना? पेटी कोणी उघडली होती का, यावर त्यांनी नाही म्हटले. शनिवारी केंद्र बंद होते का, यावर म्हणाले, आठवत नाही.

दहा मिनिटांनी सावनीने सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावले.

"मालिनीच्या वहीतच उत्तर होतं," ती म्हणाली. "यंत्र विश्रांतीनंतर जास्त चालतं, लगेच लावलं तर कमी, गार हवेत आणखी जास्त. कुणाच्या हाताचा गुण असा घड्याळ पाहून कमी-जास्त होत नाही. उष्णतेचा होतो. आतला प्रोसेसर तापतो, आणि जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करतं. लॅम्प चालू राहिला, म्हणजे वीज ठीक. व्हायरस पुसल्यावरही पडलं, म्हणजे व्हायरसही नाही."

"पण दोन वर्षं नाही तापलं," अपूर्व म्हणाला.

"तेव्हा ते गुणगुणायचं. काशीरामकाकांनी ऐकलं म्हणून मला कळलं. प्रोसेसरवर एक छोटा पंखा असतो. पडद्यावर त्याच्या फेऱ्यांचा आकडा शून्य आहे, आणि प्रोसेसर चौऱ्याऐंशी अंशांवर. उरलेली घरघर मागच्या मोठ्या पंख्याची. आता प्रश्न एवढाच, की छोटा पंखा दसऱ्यालाच का थांबला?"

तिने वीज काढली, तीन स्क्रू सोडवले आणि झाकण बाजूला केले. झाकणाच्या आतल्या कडेला कुंकवाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसलेला पंखा निश्चल होता. प्रयोगशाळेतल्या चिमट्याने सावनीने त्याच्या खालून एकेक करून तीन दाणे उचलले आणि पांढऱ्या कागदावर ठेवले. तांबडे, तुटके तांदूळ.

"अक्षता," काशीराम म्हणाले.

"तबकात पेचकस होता. खंडेनवमीला हत्यारं पूजतात, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. पण त्या दिवशी तो नुसता पूजला गेला नाही, वापरला गेला. साहेब, बरोबर?"

चारुदत्तांचा मृदू आवाज पहिल्यांदा फाटला. "बाहेरच्या पत्र्याची काय पूजा करायची? खरं यंत्र आत असतं. मी श्रद्धेनं केलं. पूजा करणं हा गुन्हा झाला?"

"पूजा गुन्हा नाही, दाणे पडणंही नाही. चूक कुणाचीही होते." सावनीचा स्वर चढला नाही, पण काशीराम एक पाऊल मागे सरले. "नऊ तारखेला ही मुलगी इथं नव्हती. यंत्र तुमच्या हाताखाली दोनदा बंद पडलं. त्या क्षणी तुम्हाला कळलं, की हिचा संबंध नाही. तुम्ही महिपतचं तोंड बंद केलंत आणि अकरा तारखेला या पत्रावर सही केलीत. पूजेच्या दिवशी केंद्रात जी एकटी व्यक्ती आली नव्हती, तिच्यावरच आळ घेतलात. चार आठवडे तिला सगळ्यांसमोर नको ते ऐकावं लागलं, आणि तुम्ही ऐकत उभे राहिलात."

महिपत जमिनीकडे पाहत होता.

"संध्याकाळपर्यंत चालतं का ते आधी पाहू," अखेर चारुदत्त म्हणाले. "चाललं तर पत्र मागं घेतो."

"लेखी. आणि दाखला आजच."

"ठीक आहे. अपूर्व, तू बस यंत्रावर."

"अपूर्व नाही, मी बसते," मालिनी म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पण लगेच बसली नाही. ती चारुदत्तांकडे पाहत होती. "आणि आज माझा दुसरा दिवस आहे. परवानगी मागत नाही. नोंदीत असावं म्हणून सांगते."

महिपत पुढे झाला, वाळलेली फुले उचलून बाजूला ठेवली आणि तिच्यासाठी टेबल पुसले.

अपूर्वने वीज पुन्हा जोडली आणि मालिनीने बटण दाबले. पेटीतून भुंग्यासारखा आवाज आला.

त्या दिवशीची तिच्या वहीतली शेवटची ओळ अशी आहे :

१२ नोव्हेंबर. यंत्रावर : मालिनी फडके. सुरू ११.५८. बंद ५.३०, काम संपल्यावर. पंख्याचे फेरे मिनिटाला ४,३५०. तापमान ४६ अंश. आपोआप बंद पडले : ० वेळा.