उठवणी

"माणूस आडवा पडलेला असताना जे दिवे घालवून घरी जातात, त्यांना रात्री झोप कशी लागते, हे मला कुणीतरी एकदा सांगा!"

लाइटवाले मामा एकदम म्हणाले. स्टुडिओच्या मागच्या पायऱ्यांवर बसलेली पाच-सहा पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बोलणी नेमकी कुणाला बसली तेच कळेना. जनरेटर बिघडला होता, सेटवर मिट्ट काळोख होता आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत कुणालाच काम नव्हतं. साउंडला नव्याने लागलेल्या मुलीने धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही भुताची गोष्ट सांगणार होतात ना?"

"तीच सांगतोय. आणि गोष्टबिष्ट नाही. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय. इथेच, वर, तिसऱ्या मजल्यावर."

सगळ्यांनी नकळत वर पाहिलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

मंगळवार होता, महिन्याची सात तारीख. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी भाचीने एडिटिंगच्या खोलीचं कुलूप उघडलं. काम तसं अर्ध्या तासाचं. मालिकेचा भाग तयार होता. त्यातला एक प्रसंग काढायचा, त्याजागी नवा छोटा प्रसंग घालून मागचापुढचा सांधा जुळवायचा आणि सकाळी सहाच्या आत भाग चॅनलला पाठवायचा. मग त्या प्रसंगाचं मूळ चित्रीकरणही पुसून टाकायचं, असा वरून हुकूम होता. तिने खुर्चीत मांडी घातली, हेडफोन कानाला लावला आणि मशीन चालू केलं.

काढायचा प्रसंग मरणकाकांचा होता.

"मरणकाका कोण?" चष्मेवाल्या पोराने विचारलं.

"नाव सांगितलं तर तुला कळणार नाही. चेहरा दाखवला तर म्हणशील, अरे, हे होय! हेच तर दुखणं होतं त्यांचं."

अडतीस वर्षं तो माणूस सिनेमात आणि मालिकांत होता. इन्स्पेक्टर, कंडक्टर, वकील, नायिकेचा बाप, खलनायकाचा ड्रायव्हर, काय वाट्टेल ते. एकदा दुसरा नट आलाच नाही, तर एकाच सिनेमात सकाळी न्यायाधीश झाले आणि संध्याकाळी त्याच खटल्यातला आरोपी. नुसती मिशी लावली आणि चाल बदलली. दिग्दर्शकाच्या बायकोलासुद्धा पत्ता लागला नाही. दवाखान्यात रांगेत बसले की लोक यांनाच रिपोर्ट दाखवायचे, कारण कुठल्यातरी मालिकेत हे डॉक्टर होते. हेही चष्मा लावून गंभीरपणे वाचायचे आणि म्हणायचे, "पाणी जास्त प्या." चेहरा घराघरात ओळखीचा. नाव मात्र शेजाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

आणि ते मरायचे फार छान. गोळी लागून, गाडीखाली, विष पिऊन, जिन्यावरून गडगडत. साठ वेळा मेले. म्हणून युनिटने नाव पाडलं, मरणकाका. पण साठही मरणं कडेची. पुढे हिरो पळतोय, मागे धूसर काहीतरी कोसळतंय, ते म्हणजे काका. एकाही मरणात तोंडी एक वाक्य नाही.

एकसष्टावं मरण या मालिकेत होतं. निवृत्त पोस्टमनची भूमिका. पोस्टमन आजारी पडतो, खाटेवरून मुलाला चार खडखडीत गोष्टी सुनावतो आणि डोळे मिटतो. सात मिनिटं. काका महिनाभर ज्याला त्याला सांगत फिरत होते, "अरे, मरताना बोलायला दिलंय मला! पहिल्यांदाच!"

"आता आपल्याकडची एक पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच," मामा म्हणाले.

एकदोघांनी मान हलवली. बाकीच्यांना नव्हती ठाऊक. कॅमेऱ्यासमोर कुणी मेलं की 'कट' म्हटल्यावर लगेच कॅमेरा थांबवायचा नाही. दिवेही घालवायचे नाहीत. युनिटमधलं कुणीतरी मोठ्याने हाक मारतं, "उठा!" मेलेला नट उठून बसतो, कॅमेऱ्यात बघून स्वतःचं खरं नाव सांगतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. याला म्हणतात उठवणी. खोटं मरण खोट्याच जागी सोडून माणसाने घरी जायचं, एवढाच त्याचा अर्थ. साठ वेळा काकांची उठवणी झाली होती.

"त्या दिवशी उशीर झाला होता. प्रॉडक्शनवाला घड्याळ बडवत उभा. म्हणाला, ते उठायबिठायचं राहू द्या आता, दिवे घालवा, निघा. आणि दिवे गेले. काका पांढरा रंग फासलेल्या तोंडाने खाटेवर तसेच पडून होते. डोळे मिटून. हाकेची वाट बघत."

"मामा... दिवे कुणी घालवले?"



"मीच."



त्यानंतर बाराव्या दिवशी काका गेले. घरी, झोपेत. आणि चॅनलमध्ये धावाधाव झाली. खरोखर मेलेला माणूस मरताना कसा दाखवायचा? लोकांना कसंसंच वाटेल! त्यापेक्षा मालिकेतल्या सुनेला फोन येईल, 'बाबा गेले.' विषय संपला. भाची बैठकीत म्हणाली होती, "अहो, आयुष्यभर त्यांनी याच प्रसंगाची वाट पाहिली." प्रॉडक्शनवाला हसला. "आता ते काही तक्रार करणार नाहीत." तिने विचारलं, "आणि सुरुवातीला कलाकारांच्या पाटीवर त्यांचं नाव?" तो म्हणाला, "दिसणारच नाहीत, तर नाव कशाला?"

सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिला स्वतंत्रपणे मिळालेली ही पहिली मालिका. ती मान खाली घालून बाहेर आली होती. त्याचीच चीड घेऊन ती त्या रात्री खुर्चीत बसली होती.

अकरा चाळीसला तिने प्रसंग कापला. सांधा जुळवला. भाग पहिल्यापासून लावून पाहिला.

प्रसंग जागच्या जागी होता.

"झोपेत आहे मी," ती स्वतःशी म्हणाली. चहा प्यायली. पुन्हा कापला. नीट खात्री केली. साडेबाराला पुन्हा लावून पाहिला.

सुनेचा फोन नाहीच. खाट. खिडकीतला उजेड. काका बोलतायत.

मग म्हणाली, हे कापणंबिपणं नंतर. आधी मूळ चित्रीकरणच पुसून टाकू, म्हणजे कटकट मिटेल. तिने ती फाइल उघडली आणि तिचा हात थांबला. ही फाइल तिने वीस वेळा पाहिली होती. लांबी पाठ होती. सात मिनिटं बारा सेकंद.

आता लिहिलं होतं, सात मिनिटं एकोणीस.

सात सेकंद कुठून आले?

तिने शेवट लावला. काकांनी डोळे मिटले. 'कट' ऐकू आलं. दिवे गेले. पडदा काळा. त्या काळोखात चपलांचे आवाज, कुणाचं तरी हसणं, दार ओढून घेतल्याचा आवाज. मग खाटेची करकर. एक बारीक खोकला... फाइल नेहमी इथे संपायची.

संपली नाही.

काळोख चालू राहिला. एक सेकंद. दोन. तीन.

दिवा लागला.

"पण मामा, तुम्ही तर..."

"मी तेव्हा बसमध्ये होतो, बाळा."

दिवा लागला. खाटेवर काका. पांढरा चेहरा. डोळे उघडे. कॅमेऱ्यात बघत होते. नाही... कॅमेऱ्यात नाही. तिच्याकडे.

तिने बटण दाबलं. चित्र थांबलं.

करकर थांबली नाही.

तिने हेडफोन काढला. टेबलावर ठेवला. करकर चालूच. मशीनमधून नाही. खोलीतून. तिच्या मागून. मागे सोफा होता. दिग्दर्शक त्यावर बसून पेंगतात, तो.

पावडरीचा वास आला. रंगाचा. स्पिरिटचा.

तिने मागे पाहिलं नाही.

करकर...

मग तीही नाही. कुणीतरी बसून झालं होतं. नीट टेकून. आणि आता वाट बघत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या तोंडून किंकाळीच निघायची. दोन वाजून वीस मिनिटं. प्रॉडक्शनवाला.

"उडवलंस का?"

तिचे कान अजून मागच्या सोफ्याकडेच होते.

"हॅलो? अगं, उडवलंस का ते? मूळ फाइलसकट उडव हां. उगाच मागाहून कुणी इंटरनेटवर टाकायला नको. चल, दाब बटण आणि हो मोकळी. इतकं काय जिवावर येतंय? एक मेलेलं माणूस तर आहे."

मामा इथे थांबले. "पोरगी मला नंतर म्हणाली, मामा, मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली. माझ्या मागे जो बसला होता, तो माझ्याकडून काहीच हिसकावून घेत नव्हता. हिसकावून घेणारा फोनवर होता. मग मी भ्यायचं कुणाला?"

ती फोनमध्ये म्हणाली, "नाही उडवणार."

"काय?"

"प्रसंग पूर्ण जाणार. नाव पहिल्या पाटीवर जाणार. तुम्हाला काय करायचं ते सकाळी करा."

"डोकं फिरलंय का तुझं? उद्यापासून या दारात उभी नाही राहणार तू!"

"उद्याचं उद्या. आज माझ्याकडे किल्ली आहे."

तिने फोन बंद केला. आतून दाराची कडी लावली. पडद्यावर तो पांढरा चेहरा तसाच थांबलेला. डोळे उघडे. आणि पाठीमागे... शांतता. श्वासही नाही. नुसती वाट.

कशाची वाट, ते तिला आता कळलं.

ती उभी राहिली. तोंड पडद्याकडेच. बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा...

"उठा."

काही नाही.

मग ती ओरडली. सगळा मजला दणाणेल अशी ओरडली. "उठा काका! झालं तुमचं काम! फार सुंदर मेलात! उठा आता!"

आणि टाळ्या वाजवायला लागली. एकटी. रात्री अडीच वाजता, बंद खोलीत, रडत, वेड्यासारख्या टाळ्या.

पडद्यावरचं थांबलेलं चित्र हललं.

तिने बटणाला हात लावला नव्हता. काका उठून बसले. पाय खाली सोडले. धोतर... नाही, पोस्टमनची ती खाकी पँट झटकली. कॅमेऱ्यात बघितलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. खणखणीत. अडतीस वर्षांत कुणी लक्षात ठेवलं नव्हतं ते नाव.

मागे सोफा एकदा करकरला. कुणी उठल्यासारखा.

मग कडी... नाही, कडी लागलेलीच होती. पण वास गेला.

मग ती डोळे पुसून खुर्चीत बसली आणि कामाला लागली. प्रसंगाला हात लावला नाही. पहिल्या पाटीवर, सगळ्यात वर, तिने ते नाव टाइप केलं, जसं ऐकलं होतं तसं, वडिलांच्या नावासकट. सहाला दहा कमी असताना भाग गेला. संध्याकाळी तो दिसलाही, कारण धमकीनंतर पोरगी वठणीवर आली असणार असं प्रॉडक्शनवाल्याने धरलं, आणि चॅनलवाल्यांनी उघडून पाहिलाच नाही. ते कधीच पाहत नाहीत. त्या रात्री किती घरांत लोक जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "अरे, यांचं नाव हे होय!" उलट बोलल्याबद्दल तिची नोकरी दुपारीच गेली होती. तिने कुणाची माफी मागितली नाही.

"आणि ते सात सेकंद?" साउंडच्या मुलीने विचारलं. "फाइलमध्ये आहेत अजून?"

"सात मिनिटं बारा. मी स्वतः पाहिलं जाऊन." मामांनी कप उचलला. त्यात काही नव्हतं, तरी ओठाला लावला. "पण सकाळचं सांगायचं राहिलंच."

सव्वासहाला भाची जिना उतरून खाली आली. तळमजल्यावर मेकअपच्या मावशी नुकत्याच कामावर आल्या होत्या. खोलीचं कुलूप काढून, दारातच उभ्या. आत आरशावरचे दिवे चालू. बेसिन ओलं. मावशींच्या हातात एक टॉवेल होता, पांढऱ्या रंगाने माखलेला, अजून दमट. भाचीला पाहताच त्या वैतागून म्हणाल्या,

"काल रात्री कुणी मेलं होतं गं तुमच्यात? किल्ली माझ्या कमरेला, आणि इथे कुणीतरी तोंड पुसून गेलंय... पण टॉवेल बघ कसा चौघडी घालून ठेवलाय. हल्लीच्या नटांपैकी कुणी नव्हतं हो ते."