होडीत जागा हाय का?

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. माझे चुलत आजोबा हैबती यांनी शेवटच्या आजारपणात हे माझ्या वडिलांना सांगितलं. त्याआधी कोणालाच नाही.

साल १९३४. पौष महिना. आमचं गाव महाडच्या खाली, सावित्रीच्या खाडीवर. भरतीचं खारं पाणी थेट गावाच्या उतारापर्यंत येतं. भात झोडून झालं की आमच्याकडचे शेतकरी लहान होड्या घेऊन मासे धरायला जात.

त्या दिवशी उजाडल्यावर आजोबा आणि त्यांचा मेहुणा भिकू निघाले. भिकू वरंधकडचा, डोंगरातला. त्याला पोहता येत नव्हतं.

धुकं इतकं, की वल्ह्याचं टोक दिसेना.

दोन-तीनदा जाळं फेकून टोपलीभर बोयटं मिळाली. भिकू खुशीत होता.

मग पाखरांचा आवाज थांबला.

पाण्याचाही...

कोणीतरी खोकलं.

"होडीत जागा हाय का रे?"

आवाज पलीकडच्या काठावरून आला. तिथं नुसती कांदळाची झाडं आणि कंबरभर चिखल. माणूस तिथं येणार कुठून?

आजोबांनी गप्प राहायची खूण केली. पण भिकू बोलून गेला होता.

"हाय की. ये. कोणाचा रे तू?"



होडी मागून खाली दबली... कोणी चढून बसावं तशी.

मागं कोणीच नव्हतं.

पाणी होडीच्या काठापासून दोन बोटांवर आलं.

"दाजी," भिकू हळूच म्हणाला, "माझ्या पाठीला कोनतरी टेकलंय."

"मागं बघू नको."

"गार हाय, दाजी. भिजलेलं हाय."

आजोबांनी टोपली खाडीत उपडी केली. सगळे मासे गेले. होडी बोटभरही वर आली नाही. वल्हं मारलं की पाणी आत येई.

तेवढ्यात त्यांच्या कानाशी कोणीतरी बोललं. अगदी शांतपणे.

"एकाला उतरव. नायतर दोघांना नेतो."

आजोबांनी सांगितलं, आधी राग आला, भीती नंतर. बायकोच्या भावाला पाण्यात ढकलून ते घरी कोणत्या तोंडानं जाणार होते?

ते स्वतः उतरले.

होडीची कड धरून पोहत ती ढकलू लागले. पाणी हाडांत शिरत होतं. मग पाण्याखालून काहीतरी वर आलं आणि त्यांची बोटं सोडवू लागलं...

एक एक करून. सावकाश.

त्यांनी होडीचा दोर दातांत धरला.

किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नाही. पायांना चिखल लागला, आणि होडी एकदम वर उचलली गेली. हलकी.

भिकू शुद्धीवर होता.  त्याची बंडी पाठीकडून चिंब होती.

आणि होडीपासून गावाकडं... चिखलात पावलं उमटली होती. अनवाणी. रुंद.

आजोबा त्यांच्यामागं गेले. पहिलं घर सयाजीचं. पावलं ओटीवर चढली होती. उंबऱ्यातून आत गेली होती.

बाहेर आलेली नव्हती.

सयाजीची बायको राहीबाई परसात भांडी घासत होती. तिला सांगायचं तरी काय? आम्ही हे आणलं, म्हणून?

आजोबांनी ओटीवरची पावलं पायानं पुसली आणि ते घरी आले.

चौथ्या दिवशी भरदुपारी सयाजी बैल धुवायला खाडीवर गेला. निघताना बायकोला म्हणाला, "पाठ लय जड झालीया गो. कोन बसल्यागत वाटतंय."

गुडघाभर पाण्यात तो पालथा सापडला. बैल काठावर उभे होते. दोर ओढला तरी पाण्याकडं येईनात.

पुढं पंचवीस वर्षं आजोबांनी राहीबाईचं शेत नांगरून दिलं. ती त्यांना देवमाणूस म्हणायची. ते ऐकलं की ते उठून जात.

भिकू पुन्हा कधी आमच्या गावात आला नाही.

त्या घरात आज सयाजीचा नातू राहतो. चांगला माणूस आहे. भेटला की चहाला बोलावतो.

मी अजून गेलेलो नाही.

का, तेही त्याला सांगितलेलं नाही.